पाण्यावरची रेघ

आमच्या विभागात बाळाचं नाव उशिरा कळतं, वजन आधी. पत्रकावर आईचं आडनाव, पुढे मुलगा की मुलगी, आणि मग थेट ग्रॅम: ९४०, १,२१०, ७८०. शिकागोत नवजात अतिदक्षता विभागात नर्स म्हणून इतकी वर्षं गेली की जुनी बाळंही मला आकड्यांनीच आठवतात. ती आता कॉलेजात जात असतील, दाढी करत असतील, आणि माझ्या डोक्यात मात्र अजून ७८०च आहेत.

या कामात पडलं की एक गोष्ट कुणी न सांगता दिसते. काचेच्या पेट्यांमध्ये काळ्या आयांची बाळं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त असतात. कारणंही जो तो तोंडपाठ सांगतो. गरिबी, सिगारेट, खाणंपिणं, वेळेवर तपासणीला न येणं. आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत विषय निघालाच तर 'त्यांच्यात वळणच नसतं' हेही ऐकू येतं, आणि जेवणं उरकत आली की कुणीतरी आवाज उतरवून म्हणतं, "जीन्समध्येच असतं ना ते."

जीन्सचं काय ते याच शहरातल्या दोन नवजाततज्ज्ञांनी तपासून पाहिलं होतं. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या १९८० ते १९९५ या काळातल्या जन्मनोंदी घेतल्या आणि आयांचे तीन गट केले: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या, आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या काळ्या. गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेतून आलेल्या आयांच्या बाळांचं ३,३३३. आणि इथेच जन्मलेल्या काळ्या आयांच्या बाळांचं ३,०८९. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं.

आता दोष रक्तात असता तर आफ्रिकेतून थेट आलेल्या बायकांची बाळं सगळ्यांत हलकी भरायला हवी होती. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या वंशावळीत गोऱ्या मालकांचंही रक्त मिसळलेलं आहे (ते कसं मिसळलं हे सांगायला नको), म्हणजे त्यांचा आकडा गोऱ्यांच्या जवळ जायला हवा होता. झालं उलटंच. या दोघांनी पुढे आणखी एक पिढी पाहिली. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या लेकी इथे वाढल्या, त्यांना मुलं झाली, तर त्या नातवंडांचं वजन आधीच्या पिढीपेक्षा वाढलं. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या बायकांच्या लेकी इथे वाढल्या, त्यांना मुलं झाली, तर वजन घटलं. एका पिढीत. आई परदेशात वाढली, लेक अमेरिकेत वाढली, मधे बदललं ते एवढंच.

हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तो रात्रपाळीत, आणि वाचून झाल्यावर उठून सगळ्या पेट्यांवरून एक फेरी मारली. काही करायचं नव्हतं. यंत्रं आपापली टिकटिक करत होती.

शिक्षणाने हे सुटत नाही, हे तर आणखीच न पटणारं. कॉलेज पूर्ण केलेल्या काळ्या आयांची बाळं पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण, शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या आयांच्या बाळांपेक्षा जास्त आहे. 'शिका, पुढे या, मग सगळं ठीक होईल' यावर माझी पिढी वाढली. हा आकडा त्या विश्वासाशी सरळ भांडतो. आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं. गोऱ्या बायकांमध्ये आई विशीत असली की बाळाची तब्येत किशोरवयीन आईच्या बाळापेक्षा चांगली असते. काळ्या बायकांमध्ये तिला हे उलट दिसलं. विशी-पंचविशीपर्यंतच शरीर झिजलेलं असतं. सतत सावध राहायचं, दुकानात मागे कोण येतंय ते पाहायचं, वर्गात एकटीनेच काळं असायचं, बोलताना आवाज चढू द्यायचा नाही कारण लगेच 'रागीट' म्हणतील. यातल्या प्रत्येक वेळी शरीर तणावाची संप्रेरकं सोडतं. एखाद्या वेळी ती उपयोगीच पडतात. रोजच सुटायला लागली की रक्तवाहिन्या, साखर, झोप, गर्भाशय, सगळ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

सेरेना विल्यम्सने २०१७ साली लेक झाल्यावर काय घडलं ते जाहीरपणे सांगितलंय. तिला फुप्फुसात गुठळ्या होण्याचा जुना त्रास. बाळंतपणानंतर दम लागला, तिने नर्सला स्वतः सांगितलं की मला सीटी स्कॅन हवा आणि रक्त पातळ करायचं औषध हवं. औषधांनी ही गोंधळली असेल, असं नर्सला वाटलं. मग आधी दुसरीच तपासणी झाली, आणि शेवटी स्कॅन केला तर गुठळ्या निघाल्याच. जगातली अव्वल खेळाडू, आपल्या शरीराचा स्नायू न् स्नायू ओळखणारी बाई. ती नर्स माझ्याच धंद्यातली, म्हणून ही हकीकत मला जास्त बोचते.

*

माझी एक सहकारी होती, वयाने माझ्याहून मोठी, आता निवृत्त. मला या शहरात ज्यांनी घडवलं त्यांतली ती एक. तिचे आजीआजोबा मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रलच्या आगगाडीने शिकागोला आले, दक्षिणेतून त्या काळात लाखो काळी माणसं उत्तरेकडे निघाली त्या लोंढ्यात. ती साउथ साइडला वाढली. मिशिगन सरोवर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. समुद्रच म्हणा, पलीकडचा काठ दिसत नाही. आणि तिच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला पोहता येत नव्हतं.

एकदा उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. मी पाय पाण्यात सोडले. ती चार हात मागे, बाकावर. म्हणाली, आमच्याकडे नियम होता, घोट्याच्या वर पाणी नाही. कुणाचा नियम? आजीचा. का? ते तिने लहानपणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. मोठेपणी वाचलं तेव्हा तिचं तिलाच कळलं.

२७ जुलै १९१९. रविवार, कडक ऊन. यूजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर लाकडाच्या तराफ्यावर पाण्यात खेळत होता. किनाऱ्याच्या वाळूत काळ्यांची बाजू आणि गोऱ्यांची बाजू अशी वाटणी होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळ्यांना ठाऊक होती. तीच रेघ पुढे पाण्यातही गेली आहे, असं गोऱ्यांनी धरलेलं. तराफा वाहत तिकडे गेला. काठावरून एक गोरा माणूस दगड मारू लागला. मुलगा बुडाला. तिथल्या पोलिसाने दगड मारणाऱ्याला धरायला नकार दिला. मग शहर आठवडाभर पेटलं. ३८ माणसं मेली, त्यांतली २३ काळी. हजारभर काळी कुटुंबं बेघर झाली.

तिच्या आजीने घोट्याची हद्द घालून दिली ती या गावात राहून. त्यात वेडेपणा काहीच नव्हता. नातवंडं जिवंत ठेवायची तर तोच शहाणपणा होता. पण पुढे काय झालं पाहा. आजीकडे गोष्ट होती. आईकडे नुसता नियम आला. आणि हिच्याकडे नियमही राहिला नाही, पाणी दिसलं की छातीत येणारी गच्च तेवढी राहिली. वारसा म्हणजे काय असतो हे मला जीवशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा या बाकावर जास्त कळलं.

ही एका घराचीच गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ६४ टक्के काळ्या मुलांना पोहणं येत नाही किंवा जेमतेम येतं. गोऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के आहे. लोक म्हणतात, त्यांची हाडं जड असतात. हाडं! सार्वजनिक पोहण्याचे तलाव काळ्यांना खुले करायची वेळ आली तेव्हा मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने आपले तलाव सरळ बंद करून टाकले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यताही दिली. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये जून १९६४ मध्ये काळे आणि गोरे सत्याग्रही एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तर चालकाने काठावर उभं राहून त्या पाण्यात आम्ल ओतलं. त्याचं छायाचित्र आहे. पाण्यातल्या मुलीच्या तोंडावरची किंकाळी दिसते, ओतणाऱ्याचा हात दिसतो.

त्या हातावरून माझी नजर हटत नाही, कारण मी महाडची.

*

चवदार तळं आमच्या गावाच्या मधोमध. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच, १९२४ मध्ये, केलेला होता. तो कागदावर राहिला होता. पाणी प्यायल्यावर माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली. मग सवर्णांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. गाईगुरं पाणी प्यायची त्याच तळ्यात. खटला दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला, बाबासाहेबांच्या बाजूने.

आमचं घर सवर्णांचं. माझी आजी त्या वर्षी परकर नेसण्याच्या वयाची होती. तिने काय पाहिलं, काय ऐकलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही. घरात तो विषयच नसे. २० मार्चला गावात माणसांचा समुद्र लोटायचा, निळे झेंडे, भजनं, जलसे, आणि आमच्या घरात त्या दिवशी रोजचीच कामं थोडी जास्त मन लावून केली जायची. पण आजीचा हात मी पाहिलेला आहे. अंगणात कुणी पाणी मागितलं की तांब्या असा हातभर वर जायचा, मनगटातून वळायचा, आणि धार खालच्या ओंजळीत बरोबर पडायची. एक थेंब सांडत नसे. ती त्याच क्षणी गप्पाही मारत असे, मायेने विचारपूस करत असे, पोराला चिक्की देत असे. चिक्कीसुद्धा वरूनच, टाकून.

त्या हाताला काही झालंय असं कुणालाच कधी वाटलं नाही. वंशभेदाने शरीरावर काय होतं याची चर्चा होते तेव्हा आपण सोसणाऱ्याच्या रक्तदाबाबद्दल बोलतो, त्याच्या बाळाच्या वजनाबद्दल बोलतो. ज्याचा हात आपोआप वर जातो त्याचं काय? भीती जशी अंगात मुरते तशी किळसही मुरते. ती कुणी शिकवत नाही, लहान मूल मोठ्यांच्या चेहऱ्यावरून उचलतं. आजीच्या मनात द्वेष होता असं मी शपथेवर म्हणणार नाही. मनाला विचारावंच लागत नव्हतं, काम मनगट करत होतं.

आणि त्यासाठी पिढ्याही लागत नाहीत. इथे नवीन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्यात कुणीतरी सांगतं, अमुक रस्त्याच्या दक्षिणेला जाऊ नका. त्यानंतर त्या भागातून जाताना सिग्नलला एखादा काळा मुलगा रस्ता ओलांडू लागला की गाडीच्या दारांचा खटका ऐकू येतो. चालवणाऱ्याचं बोट आपोआप बटणावर गेलेलं असतं, बोलणं मुलांच्या गणिताच्या क्लासबद्दल चालू असतं. बाहेरच्या मुलालाही तो खटका ऐकू जातो. दिवसातून किती गाड्यांचा जात असेल!

मिरजेला नर्सिंग शिकताना खोलीतली माझी मैत्रीण बौद्ध होती. हुशार, तोंडाने फटकळ, आम्हा सगळ्यांत आधी इंजेक्शन द्यायला शिकलेली. शाळेत दरवर्षी शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जायची. आपलं नाव येण्याआधी कान गरम व्हायचे, असं ती सांगायची. आज ती एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन आहे. तरी कुणी सहज विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" की पोटात अजून गोळा येतो म्हणते. विचारणारा बँकेतला कारकून असतो, त्याला फॉर्म भरायचा असतो. पोटाला ते कळत नाही. किंवा असंही असेल की पोटाला बरोबर कळतं, कारण हाच प्रश्न सहज न विचारणारेही तिला भरपूर भेटलेत.

अमेरिकेतला काळा माणूस आणि महाराष्ट्रातला दलित यांची सांगड मी उगाच घालत नाहीये. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोघांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं. या माणसांना ते केव्हाच दिसलेलं होतं.

*

आता बरं कसं व्हायचं?

सध्या याचं एक मोठं शास्त्र तयार होतंय. २०१३ साली एमोरी विद्यापीठात उंदरांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका दिला. त्यांच्या पिल्लांना, पिल्लांच्या पिल्लांना कधी झटका बसला नव्हता, तरी त्या वासाला ती दचकत होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात आलेल्यांच्या डीएनएवर साठ वर्षांनंतरही रासायनिक खुणा सापडल्या. हे सगळं मी आवडीने वाचते. पण माणसांच्या बाबतीत 'आजोबांचं दुःख नातवाच्या जनुकांवर लिहिलेलं असतं' असं कुणी ठामपणे म्हणू लागलं की मी सावध होते. उंदीर पिंजऱ्यात असतो, नातू मोहल्ल्यात. नातवाला दचकवायला आजोबांच्या खुणेची गरज काय, चौकात पोलिसांची गाडी उभी आहे ना! शिवाय 'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य ऐकायला आपण दोनशे वर्षं सरावलोय. ते आता सहानुभूतीच्या सुरात म्हटलं गेलं तरी वाक्य तेच राहतं.

माझ्या सहकारीचा राग आणखी वेगळा होता. तिला मुळात जखमेची भाषाच आवडत नसे. म्हणायची, माझ्या आजीकडून मला फक्त भीती मिळाली असं समजू नकोस. चर्चमध्ये नुसतं घशातल्या घशात गुणगुणून सगळ्या बाकांना डोलायला लावायचं ते तिने शिकवलं, मक्याची भाकरी शिकवली, आणि डॉक्टरशी हुज्जत घालायलाही तिनेच शिकवलं. आमच्या रुग्णालयाने एकदा सगळ्यांसाठी तणावमुक्तीचा वर्ग ठेवला होता. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, खांदे सैल सोडा. ती पहिल्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी नाही. मी विचारलं. म्हणाली, खांदे सैल सोडायला माझी ना नाही, पण घरी जाताना गाडी मलाच चालवायची आहे, आणि पोरगा रात्री बाहेर आहे.

यावर मला आजही नीट उत्तर सुचत नाही. सावधपणा हा आजार आहे आणि तोच कवचही आहे. धोका संपलेला नसताना कवच उतरव म्हणायचं, तेही ज्यांच्यापासून धोका आहे त्यांच्यापैकीच कुणीतरी म्हणायचं, यात मला एक प्रकारचा निर्दयपणा दिसतो. श्वासाचे व्यायाम वाईट नाहीत. मी स्वतः करते. पण रक्तदाब एकटीचा मानून तिलाच तो उतरवायला सांगायचा, म्हणजे पुन्हा सगळं काम तिच्याच गळ्यात.

शरीराला बरं करायचे जे प्रयत्न मला खरे वाटतात ते घोळक्याने केलेले आहेत. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन या तरुण धर्मोपदेशकाने १९५९ मध्ये विद्यार्थ्यांची शिबिरं घेतली. चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडून एक गट बसायचा आणि दुसरा गट त्यांना शिव्या द्यायचा, ढकलायचा, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसलेल्यांनी उठायचं नाही, हात उगारायचा नाही, मानही खाली घालायची नाही. महिनोन्महिने ही तालीम. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुलं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खानावळींच्या टेबलांवर जाऊन बसली तेव्हा त्यांच्या शरीरांना ते आधीच ठाऊक होतं. मे महिन्यात ती टेबलं खुली झाली.

आणि आपल्याकडे महाड. तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे, मनुस्मृतीचं दहनही. पण त्याच डिसेंबरात, १९२७ सालीच, बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायकांपुढे एक भाषण केलं, ते मला राहून राहून आठवतं. त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं, जातीची ओळख लांबूनच पटवणारं नेसणं सोडा, पायघोळ नेसा. हातापायांतले ते जड कथलाचे, चांदीचे दागिने उतरवा. आणि बायकांनी ते तिथल्या तिथे केलं. एकमेकींना नेसवलं. वरकरणी ही कपड्यांची गोष्ट. पण ज्या शरीराला लहानपणापासून एका विशिष्ट तऱ्हेने उभं राहायला, चालायला शिकवलेलं असतं त्याला पायघोळ लुगड्यात वेगळं चालावं लागतं. तसाच जोहार गेला. कमरेत वाकून, नजर जमिनीकडे ठेवून करायचा जोहार. त्या जागी जयभीम आला, जो ताठ उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचा असतो. दिवसातून पन्नास वेळा पाठीचा कणा सरळ करायचा हा व्यायाम, आणि तो लाखो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. मानसोपचाराच्या पुस्तकांत मला हा कुठे सापडला नाही.

पण नुसत्या ताठ कण्यावरही भागत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपीत काळ्या बाळांना गोऱ्यांच्या रुग्णालयांत दार नव्हतं. जुलाब किंवा न्यूमोनिया झालेलं मूल, जे सलाइन आणि पेनिसिलिनने वाचतं, ते दाराबाहेर मरायचं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं, आणि भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला सरकारी पैसा नाही अशी अट आली. पैसा म्हटल्यावर दारं उघडली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या काळ्या बाळांचे मृत्यू झपाट्याने घटले. अर्थशास्त्रज्ञ डग्लस आल्मंड आणि केनेथ चे यांनी मग पुढचा प्रश्न विचारला: दारं उघडल्यानंतर, म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीस, जन्मलेल्या त्या मुली मोठ्या झाल्या, आया झाल्या, त्यांच्या बाळांचं काय? उत्तर असं की त्याच दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या काळ्या बायकांच्या मानाने यांची बाळं कमी वजनाची भरण्याचं प्रमाण कमी होतं.

म्हणजे आईला बाळपणी मिळालेलं सलाइन तिच्या बाळाच्या वजनात उतरलं. माझ्या हातून दिवसभर ज्या नळ्या जातात त्यांच्याकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने पाहते. मूल वाचवणं एवढंच आपलं काम अशी समजूत असते, आणि तीही पुरेशी जड असते.

या राज्यात त्यातलं थोडं होतंही आहे. बाळंतपणानंतर गरीब आईचा सरकारी आरोग्यविमा पूर्वी साठ दिवसांत संपायचा. २०२१ मध्ये इलिनॉयने तो वर्षभरापर्यंत वाढवला, आणि तशी केंद्राची मंजुरी मिळवणारं हे पहिलं राज्य. बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर होती. शरीरातल्या जुन्या आघातांवर जी महागडी शिबिरं भरतात त्यांच्या जाहिराती याहून मोठ्या असतात.

माझी सहकारी निवृत्त झाली आणि तिने काय करावं, तर पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. शहराच्या उद्यान खात्याचा तलाव, वीस-बावीस वर्षांचा शिक्षक, वर्गात बहुतेक सगळ्या तिच्याच वयाच्या बायका. तिला सोबत म्हणून मी गेले. मला पोहता येतं. महाडला पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललं होतं. विहीर आमची होती म्हणून ढकलता आलं, हे आता कळतं. तलावात ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबली. पाणी कोमट, वर दिवे, कुणी शत्रू नाही, सगळ्या हसतायत. आणि तिचे दोन्ही हात शिडीला असे चिकटलेले की बोटं पांढरी पडलेली. शिक्षक चांगला मुलगा होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, रिलॅक्स, मॅम, फक्त रिलॅक्स.

ती म्हणाली, "मला रिलॅक्स म्हणू नकोस. पाणी किती फूट आहे ते सांग."

साडेतीन, तो म्हणाला. तिने त्याला तिथे उभं राहून दाखवायला लावलं. मग पुढे, मग आणखी पुढे. दोरीपर्यंत सगळा तलाव त्याच्याकडून पावलांनी मोजून घेतला तेव्हा कुठे तिने एक हात सोडला. वेळ संपली. अजून तिला तरंगता येत नाही, चेहरा पाण्यात घालते आणि शिव्या देत वर येते. पुढच्या सत्राचे पैसे तिने भरलेत, माझेही भरून टाकलेत. मला पोहता येतं हे सांगून काही उपयोग झाला नाही. म्हणाली, मग काठावर बसून उगीच टकमक बघू नकोस, खोल बाजूला जाऊन उभी राहा, म्हणजे मला दिसेल कुठवर बूड लागतं ते.